मधली चटई

तेहिताला जावयाशी काही बोलायचं असलं की ती उखळाशी बोलायची.

“ए उखळा,” अंगणातल्या आपल्या बाजूने ती म्हणायची, “पिंपातलं पाणी संपलंय, कुणाच्या तरी कानावर घाल.” मग मधल्या चटईच्या पलीकडे बसलेला जावई, अमास्तान, पागोट्याचा पदर नाकापर्यंत ओढून घ्यायचा, मोठ्याने खाकरून आपण येत असल्याची वर्दी द्यायचा आणि पाण्याची नळी घेऊन निघायचा. तेहिता तोंड फिरवून बसायची. पिंप भरलं की तो परत यायचा आणि पुन्हा खाकरायचा. तेहिता म्हणायची, “उखळा, देव तुझं भलं करो.”

तामूमीन दोघांच्या मधे. एकाची बायको, दुसरीची मुलगी. तिच्या बाळंतपणाला आई डोंगराकडची शेळ्यांची वस्ती सोडून तामानरासेतच्या या घरात आली, तेव्हा अमास्ताननेच अंगणाच्या मधोमध बोरूची उंच चटई उभी केली होती. सासूपुढे पुरुषाने तोंड उघडं टाकायचं नाही, घास खायचा नाही, तिचं नाव घ्यायचं नाही. शहरातली पोरं हल्ली सासूसमोर बसून सोडा पितात, पण अमास्तानला ते जमत नसे. आईने त्याला तसं वाढवलंच नव्हतं.

आणि हाच माणूस परदेशात हजारो लोकांसमोर पागोट्याचा पदर हनुवटीखाली सारून, मान मागे टाकून, आ वासून गायचा. त्याच्या वादकांतला दुसरा गिटारवाला बुक्का नेहमी म्हणायचा, “सगळ्या युरोपाने अमास्तानचे दात मोजलेत. सासूला मात्र अजून खात्री नाही, याला दात आहेत की नाहीत.”

तेहिताने जावयाचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. लग्नकार्यात त्याच्या गिटारची पहिली तार वाजली की ती ओढणी सावरून उठायची आणि शेळ्या बघायला निघून जायची, मग तिथे शेळ्या असोत की नसोत. तिला गाण्याचं वावडं होतं असं मुळीच नाही. तरुणपणी उखळावर कातडं ताणून ती ढोल वाजवायला बसली, की लांबलांबच्या वस्त्यांवरून माणसं उंट पळवत येत. तामूमीनचे वडील त्यांतलेच एक.

अमास्तानकडे गाणं आलं ते गॅरेजातून. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो डिझेलच्या गाड्या दुरुस्त करायचा. एका ट्रकवाल्याने पैशांऐवजी जुनी कॅसेट पुढे केली. अमेरिकेतला कुणी म्हातारा, नुसती गिटार आणि पायाचा ठेका, आणि आवाज असा, की सगळं गाव झोपल्यावर एकटाच कुणाशी तरी भांडतोय. शब्द एकही कळत नव्हता. अमास्तान इंजिनाखालून बाहेर आला, हात पुसायचे राहिले, आणि म्हणाला, “हा तर आमच्या मामाचा आवाज आहे. मामा तिकडे कधी गेला?” मालक खूप हसला. पण नंतर त्या कॅसेटची फीत झिजून तुटेपर्यंत त्या गॅरेजात दुसरं काही वाजलं नाही. त्याचा मामा उंटांमागे चालताना गुणगुणायचा, ती चाल आणि त्या म्हाताऱ्याची चाल अमास्तानने एकमेकींत मिसळली. त्यावर इलेक्ट्रिक गिटार चढवली, ड्रम ठेवला. वाळूत राहणाऱ्यांना ते लगेच आपलं वाटलं, आणि पुढे परदेशात लोक त्याला ब्लूज म्हणाले, रॉक म्हणाले. अमास्तान म्हणायचा, “म्हणू देत. मी आपला मामाच्या मागे चालतोय.”

त्याचा आवाज उंच होता. बाभळीच्या काट्यात अडकलेलं कापड ओढावं आणि ते आत्ता फाटेल, आत्ता फाटेल असं वाटावं, तसा. ते फाटत नसे, तीच त्याची गंमत होती. तामूमीनने त्याला पहिल्यांदा ऐकलं ते शाळेच्या वसतिगृहाच्या भिंतीवरून, मैत्रिणींच्या खांद्यावर चढून. तेव्हापासून ती त्या आवाजाच्या फाटण्याची वाट बघत जगत होती, असं तिला आता वाटे.

कारण शेवटी तो फाटलाच. एका दौऱ्यातून दुसऱ्या दौऱ्यात, थंडी, धूर, गरम दिवे. आवाज बसला, उठला, पुन्हा बसला. अल्जीयर्सच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं, ती काढली, आणि तीन महिने एक शब्द बोलायचा नाही असं बजावलं. त्या मुक्या महिन्यांतच झैनबू जन्मली. बापाने लेकीच्या कानात म्हणायचे अजानचे शब्द चुलत्याने म्हटले. अमास्तान शेजारी बसून नुसता लेकीचे पाय हातात धरून राहिला होता.

मग मौन संपलं. आवाज आला, पण दुसऱ्याच कुणाचा आल्यासारखा. खाली, जाडसर, कडांना खरबरीत. बोलायला ठीक होता. एके दुपारी घरात कुणी नाही असं समजून अमास्तानने आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणून पाहिलं. जिथे आवाज उंच चढायचा, तिथे नुसती हवा आली. तामूमीन स्वयंपाकघरात होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही, आवाज होईल म्हणून. त्याने गिटार गोधड्यांच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि बाहेर येऊन तिला विचारलं, “चहा आहे?”

संध्याकाळी चुलतभावाचा निरोप आला. सरहद्दीकडच्या इन गेझामच्या रस्त्यावर चालवायला एक ट्रक आहे, चालक पाहिजे. “दाऊशाचं लग्न झालं की जातो,” अमास्तान म्हणाला. दाऊशा तामूमीनची धाकटी बहीण.

“आणि बुक्का? बाकीचे वादक?”

“त्यांनी एक पोरगा शोधलाय. चांगला गातो. उंच.”

‘उंच’ हा शब्द त्याने असा उच्चारला, की तामूमीनने पुढे काही विचारलं नाही. झैनबू सहा महिन्यांची होत आली होती आणि तिने बापाला गाताना कधी ऐकलं नव्हतं. तामूमीनला रात्री झोपेतून उठवणाऱ्या काळज्या बऱ्याच होत्या. बाळाचा श्वास, बाळाचं अंग, विंचू, स्टोव्ह. त्यांत आता ही एक भर पडली होती. ट्रकवाला नवरा परत येतो, हे तिला ठाऊक होतं. पण पेटीतल्या गिटारवर गोधड्या साठत गेल्या तर त्या मग कोण उपसणार?

त्याच आठवड्यात झैनबूला दात यायला लागले. पोर दिवसभर किरकिरायची. तामूमीन पुन्हा पुन्हा तिच्या काखेत थर्मामीटर लावायची.

“ती काचेची काडी ठेव बरं बाजूला,” तेहिता म्हणाली. “दर तासाला विचारलं तर ताप बिचारा लाजून तरी येईल.”

“आई, अंग गरम लागतंय.”

“तुझे हात गार आहेत. दात येतायत तिला. तुझ्या वेळी मी काय शाळा शिकले होते? आण इकडे.”

तेहिताने नातीला मांडीवर घेतलं. पोर काही राहीना. तेवढ्यात चटईच्या पलीकडून हलकेच गुणगुणणं ऐकू आलं. अमास्तान होता. लेकीच्या रडण्याने त्याचं त्यालाच न कळता ते सुरू झालं असावं. झैनबू क्षणभर थांबली. सूर वर चढायला लागला, अडखळला आणि तुटला. पलीकडे शांत. झैनबूने पुन्हा भोकाड पसरलं.

तामूमीनने आईकडे पाहिलं. आता ही उठून जाणार, तिला वाटलं. रिवाजाप्रमाणे तिने उठायलाच हवं होतं. तेहिता उठली नाही. तिने नातीचं नाक पुसलं आणि जरा मोठ्या आवाजात म्हणाली:

“झैनबू, तुला एक गोष्ट सांगते. तुझी आई जन्मली ना, तेव्हा मला असा ताप आला, की माझा वरचा सगळा आवाज गेला. मी ढोलावर बसायची तेव्हा लोक यायचे ते त्या वरच्या आवाजासाठी. मग काय, रोज मी त्याला शोधायला वर वर जायची. हरवलेली शेळी डोंगरावरच असणार म्हणून चढत राहावं तशी. घसा सोलला. आणि शेळी कुठे होती? खाली ओढ्यात पाणी पीत उभी. मी आपली वरून हाका मारतेय.”

झैनबूने आजीचं बोट तोंडात धरलं आणि चावायला लागली.

“हळू गं, रांडेचे! हे दात म्हणे अजून यायचेत!”

चटईच्या खालच्या फटीतून अमास्तानचे पाय दिसत होते. तामूमीन त्या पायांकडेच बघत होती. तो निघाला होता, एक पाऊल पुढे टाकलेलं होतं. पण पाय होते तिथेच राहिले.

मग हा रोजचाच प्रकार झाला. तेहिता बाजरी कुटायला बसायची. मुसळाचा ठेका संथ ठेवायची, शेळ्यांमागून चालावं तसा, आणि त्या ठेक्यावर अगदी खालच्या आवाजात काहीबाही म्हणायची. मधेच नातीला शिकवायची. “श्वास पोटात घ्यावा गं. गळ्यात काय ठेवलंय? गळा म्हणजे नुसतं दार. दारात उभं राहून कुणी संसार करतं का?” झैनबूला यातलं काय कळणार. पण पलीकडे त्या वेळी नेमकं अमास्तानला चपलेचा बंद शिवायचा असायचा, नाहीतर रेडिओ उघडून साफ करायचा असायचा. गाणं संपेपर्यंत ते काम संपत नसे.

एकदा नळाला गेलेला अमास्तान परतायच्या आत तामूमीनने पेटीकडे पाहिलं. झाकण नीट बसलेलं नव्हतं. वरची लाल गोधडी खाली गेली होती आणि खालची पट्ट्यांची वर आली होती. तिने पेटीला हातही लावला नाही.

लग्नाच्या आधी दाऊशा मेंदीच्या हातांनीच तडकून घरी आली.

“दाजी कुठेत? दाजी, मला सरळ सांगा. अख्ख्या गावाच्या लग्नात तुम्ही गायलात. ज्याच्याशी माझं भांडण आहे त्या खाटकाच्या पोरीच्या लग्नातसुद्धा. आणि माझ्या लग्नात तो कालचा पोरगा गाणार?”

“तो चांगला गातो,” अमास्तान म्हणाला.

“गाऊ दे. त्याच्या मेहुणीच्या लग्नात गाऊ दे.”

“अगं, तुझं लग्न आहे म्हणजे घरच्या यजमानीणबाई तिथे असणार.” तेहिताचं नाव घेता येत नसल्यामुळे तो तिला असंच काहीतरी म्हणायचा. “इतर लग्नांत त्या उठून जातात. लेकीच्या लग्नातून कुठे जातील? आणि मी त्यांच्यासमोर तोंड उघडून उभा राहू?”

“मग झाकून गा.”

“तोंड झाकायला गाणं म्हणजे काय खोकलाय? माइकमध्ये नुसतं फडकं ऐकू येईल.”

पलीकडून तेहिताचा आवाज आला. “ए उखळा, ही चटई चांगली उंच आहे. वाळूतसुद्धा उभी राहते म्हणावं.”

दाऊशाने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ओली मेंदी झग्याला लागली म्हणून लगेच काढले. “ऐकलंत? उखळ हो म्हणतंय.”

अमास्तानने बायकोकडे पाहिलं. तामूमीन झैनबूच्या टोपीची गाठ सोडत होती. ती आधीच सुटलेली होती.

“एक गाणं,” तो म्हणाला. “एकच. आणि दुसऱ्या दिवशी ट्रक.”

लग्न गावाबाहेरच्या कोरड्या नदीपात्रात होतं. दुपार कलायला लागली तशी माणसं जमली. एका बाजूला बायकांचा तंबू, त्याच्या पुढ्यात ढोल. ढोल म्हणजे तामूमीनच्या घरचं उखळच. तोंडावर ओलं कातडं ताणलेलं, दोन्ही बाजूंना मुसळं बांधलेली, आणि कातडं ताठ राहावं म्हणून मुसळांच्या टोकांवर दोन जाड्या आत्या बसलेल्या. लांब उंटस्वार आपापले उंट सजवत होते. दुसऱ्या बाजूला वादक, लाउडस्पीकर, भकभकणारा जनरेटर.

मधे चटई. अमास्तानने ती स्वतः बांधली. डोक्याचं टोकसुद्धा पलीकडे दिसू नये म्हणून नेहमीपेक्षा हातभर उंच धरली, तंबूच्या दोन खांबांना वरून घट्ट आवळली, आणि खालून जमिनीत रोवायच्या खुंट्या कमी पडल्या तर वाळूच लोटून दिली.

“इतकी उंच?” बुक्का म्हणाला. “सासू आहे की जिराफ?”

“तू गिटार लाव.”

मुसळावर बसलेली आत्या ओरडली, “अरे ए गवया! खालून मोकळी राहिलीय ती! वाऱ्याचा दिवस आहे!” पण जनरेटरच्या आवाजात ते तिच्या शेजारणीलाही नीट ऐकू गेलं नाही.

तामूमीन झैनबूला घेऊन चटईच्या अगदी कडेला बसली होती. तिथून तिला दोन्हीकडचं दिसत होतं. डावीकडे आई, ढोलावर हात टेकून, नवी निळी ओढणी घेतलेली. उजवीकडे नवरा. त्याच्या मागे तो नवा पोरगा, केस तेल लावून मागे बसवलेले, मधूनमधून घसा साफ करणारा. तामूमीनला त्याचा राग येत होता आणि आपल्याला राग येतोय याची लाजही वाटत होती. पोरगा बिचारा सालस होता. त्याने झैनबूला खाऊसुद्धा दिला होता.

अमास्तानने गिटार गळ्यात अडकवली. पदर हनुवटीखाली सारला. गर्दीत गलका झाला. वर्षाने दिसत होता तो लोकांना.

सुरुवात छान झाली. खालच्या ओळी त्याने खालच्या आवाजात घेतल्या, आणि त्या आवाजाला अशी काही धार होती, की तामूमीनच्या अंगावर काटा आला. हे आई ऐकतेय, तिच्या मनात आलं. पहिल्यांदाच ऐकतेय. तेहिता खाली मान घालून बसली होती, पण ढोलावरचं तिचं एक बोट हलत होतं.

मग ती चढाची ओळ आली. तामूमीनला तो श्वास घेतानाच कळलं. पोटातून नाही, गळ्यातून घेतला त्याने. जुनी सवय. माणसं समोर होती, ती ओळ त्यांना पाठ होती, ती उंचच हवी होती. त्याने मान मागे टाकली, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि आवाज वर गेला.

तो तिथेच तुटला. नुसती हवा आली.

आणि त्याच वेळी खरी हवाही आली. नदीपात्रातून वाऱ्याचा एक लोट उठला, खालून मोकळ्या चटईत शिरला. चटई फुगली, खांबांवरचे बंद तटातट तुटले, आणि ती हवेत उडाली ती थेट उंटांच्या मधे. उंट चौखूर उधळले. सजवलेला एक उंट तर आपल्या स्वाराला मागे सोडूनच गेला.

चटई जिथे होती तिथे आता काहीच नव्हतं. अलीकडे अमास्तान, आ वासलेला, जबडा ताणलेला, कपाळावर घाम. पलीकडे तेहिता, नेमकी मान वर केलेली. दोघांची सरळ नजरानजर झाली.

कुणी हसलं नाही. बुक्कासुद्धा नाही.

अमास्तानने एका झटक्यात पदर डोळ्यांपर्यंत ओढला. तेहिताने ओढणीत तोंड लपवलं आणि बसल्या जागी गर्रकन पाठ केली. जनरेटर तेवढा भकभकत होता. अमास्तानने हळूच गिटारचा पट्टा डोक्यावरून काढला, गिटार स्पीकरला टेकवून उभी केली. नवा पोरगा पुढे यावं की न यावं अशा घोटाळ्यात एक पाय पुढे टाकून उभा. बुक्काने त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

तामूमीनने झैनबूला छातीशी घेतलं. अमास्तान मागे वळला होता. त्याच्या चालण्यावरूनच तिला दिसत होतं, की हा आता घरी जाऊन कपडे बांधणार. उद्याची वाटही बघणार नाही. सासूसमोर तोंड उघडं पडलं, तेही आवाज तुटत असताना. आपल्या तोंडाची आणि आपल्या गाण्याची लाज त्याला आता वेगळी काढता येणार नव्हती. आणि झैनबूने, सगळे गप्प झाल्यामुळे असेल, जोरात रडायला सुरुवात केली.

“ए उखळा!”

तेहिताचा आवाज. पाठमोरीच, पण शेवटच्या उंटापर्यंत जाईल असा.

“कुणाला तरी विचार, माझ्या लेकीच्या लग्नात गाणं अर्धवट टाकून जायची ही कुठली रीत? एक गाणं कबूल झालं होतं. मी काही अर्धं गाणं मागितलं नव्हतं!”

आणि तिने ढोलावर हात मारला.

त्याच्या गाण्याचाच ठेका होता, पण संथ केलेला. उधळलेला नाही, चालणारा. शेळ्यांमागून, ओढ्याकडे. मुसळावरच्या आत्या बसल्या जागी डोलायला लागल्या. एकीने टाळी धरली, मग दुसरीने. तेहिता उठून गेली नाही. तिला जायला जागा होती, रिवाजही जा म्हणत होता. ती जावयाकडे पाठ करून तिथेच बसून राहिली आणि वाजवत राहिली.

अमास्तान उभा राहिला. तो अजून पाठमोराच होता, त्यामुळे थोडा वेळ असं दृश्य होतं, की सासू आणि जावई एकमेकांकडे पाठ करून उभे-बसले आहेत आणि सगळं लग्न मधे. मग तो वळला. गिटार उचलली. पदर तसाच, नाकावर. माइकच्या इतका जवळ आला, की कापड त्याला टेकलं.

गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

फडकं ऐकू आलं नाही. कापडाआड जबडा ताणताच येत नव्हता, तोंड वासताच येत नव्हतं, म्हणून आवाज वर जाऊ शकेना, तो खाली छातीत उतरला आणि तिथून आला. जवळून, कानाशी बोलल्यासारखा, ओलसर, जड. तामूमीनने हा आवाज आधी ऐकला नव्हता आणि तरी तिला तो ओळखीचा वाटला. हा त्या कॅसेटवरच्या म्हाताऱ्याचा नव्हता, मामाचा नव्हता. घरात चहा आहे का म्हणून विचारणाऱ्या माणसाचा होता.

चढाची ओळ आली. तो चढला नाही. ती ओळ त्याने खालीच म्हटली आणि थांबला. जागा मोकळी राहिली. त्या मोकळ्या जागेत पाठमोऱ्या तेहिताने मान उचलली, आणि तिने खूण करताच सगळ्या बायकांनी ती ओळ वर नेली. त्याने खालून दिली, त्यांनी वरून परत केली. पुन्हा त्याने दिली. लांब उंटस्वार आपापले उंट गोळा करून परत आले होते, ते ढोलाभोवती फिरायला लागले. आपल्या लग्नात गप्प बसायचं असतं हे विसरून दाऊशा तंबूतून ओरडली, “दाजी, अजून!”

झैनबू रडायची थांबली होती. बापाच्या झाकलेल्या तोंडाकडे ती कपाळाला आठ्या घालून बघत होती, आवाज नेमका कुठून येतोय ते शोधत. तामूमीनने तिला उचलून खांद्यावर बसवलं, म्हणजे नीट दिसेल. मग तिच्या लक्षात आलं, दुपारपासून आपण पोरीचं अंग गरम आहे का ते एकदाही पाहिलेलं नाही.

त्याने एक गाणं म्हटलं नाही. किती म्हटली ते कुणी मोजलं नाही. शेवटच्या दोन गाण्यांत नव्या पोराला त्याने शेजारी बोलावून उंच ओळी दिल्या, आणि पोरगा आनंदाने लालबुंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ ट्रक घेऊन दारात आला आणि भोंगा वाजवू लागला. अमास्तान बाहेर गेला. तामूमीन आत भांडी घासत होती. तिने घासणं थांबवलं.

“दुसरा चालक बघ,” अमास्तान बाहेर सांगत होता.

“अरे, शब्द दिला होतास!”

“दिला होता. आता बदलतोय. रागव हवं तर. पण आलाच आहेस तर घरच्या यजमानीणबाईंना वस्तीवर सोड. त्यांना पुढे बसव. मी मागे बसतो, सामानात.”

“इतक्या थंडीत मागे?”

“मग काय पुढे, त्यांच्या मांडीला मांडी लावून?”

तेहिता बोचकं बांधून तयारच होती. तामूमीन उखळ धुवायला गेली तर त्याच्यावर कातडं अजून तसंच ताणलेलं. लग्न झालं की कातडं सोडून उखळ घासून परत स्वयंपाकघरात ठेवायचं असतं.

“आई, हे सोडलं नाहीस? मी बाजरी कशात कुटू?”

“शेजारणीकडून मागून आण. किंवा नवीन घे. हे आता दाणे कुटायच्या कामाचं राहिलं नाही.” तिने नातीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग ओढणी ओढून, कोपऱ्यातल्या त्या ढोलाकडे बघत म्हणाली, “उखळा, कुणाला तरी सांग, दुसऱ्या कडव्यात घाई होते. तिथे श्वास घ्यायला भरपूर जागा आहे, घ्यावा.”

अंगणाच्या दुसऱ्या बाजूला अमास्तान पाठ करून उभा होता. मधली चटई उंटांनी तुडवून पार मोडली होती, तिच्या जागी तामूमीनने तात्पुरती एक चादर टांगली होती. तो खाकरला. येतोय म्हणून सांगण्यासाठी असेल असं तामूमीनला वाटलं. पण तो आला नाही.

“उखळा,” तो म्हणाला, त्या नव्या, खालच्या आवाजात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “त्यांना सांग, घेईन.”

तामूमीनने झैनबूला चादरीआडून बापाच्या कडेवर दिलं. बोचकं उचलून तेहिता ट्रककडे निघाली. फाटकापाशी जाता जाता तिने ओढणीच्या आत, स्वतःशीच, ती चढाची ओळ गुणगुणली, आणि तामूमीनच्या ध्यानात आलं, की चादरीपलीकडे अमास्तानने खालची ओळ ओठांतच धरली होती, पदराआड, झैनबूला कडेवर घेऊन.